नुसतं 'आहे'

प्रिय टाचणी,

इतक्या वर्षांनी माझं अक्षर बघून तुला नको ती शंका आली असेल. घाबरू नकोस, बाबा आहेत. अर्धांगाचा झटका आला तेव्हा उजवी बाजू गेली होती, ती हळूहळू येतेय. जीभ मात्र अजून रुसलेली. भांडायला घरात मी एकटीच उरलेय, आणि समोरून उत्तर येत नसेल तर भांडणात काय राम?

तुला आठवतंय, आमच्याकडे पाहुण्यांना बसायला खुर्ची मिळायची नाही, कारण सगळ्यांवर बाबांच्या टीममधल्या तुम्हा पोरांचे चिखलाचे बूट वाळत असायचे. मला तुमचा राग यायचा, तुझा सगळ्यात जास्त. टाचणीएवढा जीव म्हणून तुला हे नाव बाबांनीच ठेवलं. मला कधी साधं लाडाचं नाव नाही! फुटबॉल मला कधीच कळला नाही, पण त्यांचा एक नियम ऐकून ऐकून पाठ झाला. ज्याच्या पायात बॉल असतो त्याला मागचं दिसत नाही, म्हणून मागच्यानं ओरडून सांगायचं, "आहे!" पास दे वगैरे काही नाही, नुसतं आहे. मुकाट धावणाऱ्या पोराला ते बाकावर बसवायचे, मग त्यानं गोल का केलेला असेना.

मग तुझा गुडघा गेला आणि तू दार लावून बसलास. सराव संपला की बाबा रोज तुझ्या घराकडे वळायचे आणि तोंड पाडून परत यायचे. आईनं विचारलं की म्हणायचे, "नाही म्हणतोय." तू गाव सोडलंस तेव्हाही तेवढंच म्हणाले. त्यानंतर त्यांनी पोरं पुष्कळ घडवली, पण लाडाचं नाव पुन्हा कुणाला ठेवलं नाही.

गेल्या आठवड्यात औषधांच्या दुकानात तुझी आई भेटली. बाबांचं ऐकून तिचे डोळे भरले. म्हणाली, किती चकरा मारल्या गं त्यांनी. दाराशी येऊन रोज विचारायचे, "आहे?" तू आतून बजावलेलं, घरात नाही म्हणून सांग. मग ती बिचारी सांगायची, "नाही." मी गोळ्या दुकानातच विसरून घरी आले.

टाचणी, ते विचारत नव्हते रे. सांगत होते.

हल्ली ते वॉकर घेऊन पलंगापासून दारापर्यंत येतात आणि उंबऱ्याशी थबकतात. मान वळत नाही, मागे कोण आहे ते दिसत नाही. मी हात धरते, समजावते, ओरडते, पण ढिम्म हलत नाहीत. काल त्यांच्या मागे जाऊन उभी राहिले आणि म्हटलं, "आहे." पाऊल पडलं. पुढचं काही पडेना, कान देऊन उभे राहिले. माझा आवाज त्यांनी मैदानावर कधी ऐकलेलाच नाही ना.

म्हणून लिहितेय. तू ये. लंगडत आलास तरी चालेल, आता ते तुझ्याहून हळू चालतात. काही समजावू नकोस, माफी तर मुळीच मागू नकोस, त्यांना रडताना मला बघवणार नाही. त्यांच्या मागे उभा राहा आणि दारातून द्यायचं राहिलेलं उत्तर दे. शब्द तुला माहीत आहे.

तुझीच,
मास्तरांची भांडखोर लेक