ढोलवाल्या अस्वलाचं बटण

२ जानेवारी, सकाळी ७
संकल्प: मिसबासाठी खेळणं स्वतः तयार करणे. कारणही लिहून ठेवतो, म्हणजे माघार घेता येणार नाही. मिसबा ही खालच्या मजल्यावरच्या नाजिमाची मुलगी. वय सात. व्हीलचेअरवर असते, हात तिचं ऐकत नाहीत. काल वाढदिवसाला मी तिला ढोल वाजवणारं अस्वल दिलं. तुळशीबागेतलं, एकदम फर्स्ट क्लास. चालू करायचं बटण अस्वलाच्या पाठीवर, हरभऱ्याएवढं. ती अस्वलाकडे बघत राहिली आणि मी तिच्या बोटांकडे. फार लाज वाटली. नाजिमा हसून म्हणाली, असू दे काका, नेहमी दुसरंच कुणीतरी चालवतं आणि ही बघते. एकदा तरी स्वतः काहीतरी चालू करायचंय तिला.

अस्वल दुरुस्तीला परत वर आणलं. तीस वर्षं फॅक्टरीत मेन्टेनन्स करून व्हीआरएस घेतली आहे. हा तर हातचा मळ.

४ जानेवारी
अभ्यास पूर्ण. (व्हिडिओ दोन. दुसरा अर्धा.) तत्त्व सोपं: खेळण्यातून वायर बाहेर काढायची, तिला मोठं बटण जोडायचं आणि मुलाला जे काही हलवता येतं तिथे ते बसवायचं. तपकीर गल्लीतून वायरबियर, इलेक्ट्रॉनिक्सचं सामान आणलं. कशासाठी ते दुकानदाराला सांगितलं. त्याने विचारलं नव्हतं.

७ जानेवारी
जिन्यात नाजिमा भेटली. म्हणाली, मिसबाची मान डावीकडे छान वळते, बटण गालापाशी बसवा, एकदा खाली येऊन बघून जा ना. येतो म्हटलं. गेलो नाही. ज्याला मशीन वापरायचं तो डिझाइनमध्ये लुडबुडला की मशीन बिघडतं, हा अनुभव. शिवाय गालाने बटण दाबायचं ही काय पद्धत झाली? हाताला व्यायाम होईल.

११ जानेवारी
बटण तयार! श्रीखंडाच्या डब्याचं झाकण, खाली जुन्या मिक्सरची स्प्रिंग. दणकट काम. अंगठ्याने चाळीस वेळा दाबलं, चाळीस वेळा ढोल वाजला. श्रद्धा (आमची सौ.) म्हणाली, तिच्याकडून दाबून पाहिलंत का? आणि श्रीखंड कुठे गेलं? दोन्ही प्रश्न अनुत्तरित ठेवले.

१५ जानेवारी
सोसायटीच्या चेअरमनशी सहज बोललो. २६ तारखेला झेंडावंदनानंतर क्लबहाउसमध्ये प्रात्यक्षिक. माझा सत्कार वगैरे नको, असं स्पष्ट सांगितलं. ते लगेच बरं म्हणाले. आग्रह करायची रीतच राहिली नाही हल्ली. शेवटी शाल-श्रीफळाचा विषय मलाच काढावा लागला.

२० जानेवारी
बटण घेऊन खाली गेलो. झाकणावर हात आणून ठेवायलाच मिसबाला पाच मिनिटं लागली. कपाळावर घाम. झाकण जागचं हललं नाही. स्प्रिंग अंमळ जास्तच दणकट. नाजिमाने पुन्हा गालाचं काढलं. सुधारतो म्हटलं. पण त्यासाठी झाकण उचकटावं लागेल, आणि त्यावर माझ्या नावाचा स्टिकर आधीच लावून झाला आहे.

२५ जानेवारी
स्प्रिंगला वेळच मिळाला नाही. (भाषण.) तात्पुरती सोय: जुनी वायरलेस डोअरबेल खोलून तिचा एक भाग अस्वलाच्या पोटात बसवला, बेलचं बटण माझ्या खिशात. मिसबाने झाकणाला हात लावला की मी खिशात दाबणार. याला फसवणूक म्हणत नाहीत. फॅक्टरीत याला बायपास म्हणतात. श्रद्धा म्हणाली, एवढ्या वेळात स्प्रिंग बदलून झाली असती.

२६ जानेवारी, दुपारी १२
कार्यक्रम यशस्वी. मिसबाचा हात टेकला, अस्वल वाजलं, टाळ्या. नाजिमाचे डोळे भरून आले. मिसबा तर इतकी खुलली की सगळं अंग हललं आणि हात झाकणावरून घसरला. अस्वल वाजतच राहिलं. मी शालीखाली दाबूनच होतो. तिने झाकणाकडे पाहिलं, अस्वलाकडे पाहिलं, मग माझ्या खिशाकडे. हसणं थांबलं. लोक टाळ्या वाजवतच होते.

शाल उबदार आहे.

२६ जानेवारी, दुपारी ४
खिशाकडे नसेलही पाहिलं. सात वर्षांच्या पोराला काय कळतं?

२७ जानेवारी
कळतं. लाज वाटते आहे, मेल्याहून मेल्यासारखं झालं आहे. जेवण गेलं नाही. (तीनच पोळ्या.) संकल्प: उद्या खाली जाऊन खरं सांगणे.

२८ जानेवारी, संध्याकाळी ६
गेलो नाही. सर्दी.

नाजिमाच वर आली, अस्वल आणि बटण घेऊन. रागावली असती तर बरं झालं असतं. म्हणाली, हे तुझंच आहे असं मिसबाला परोपरीने सांगितलं, ऐकतच नाही. तिचे शब्द सावकाश येतात, आईलाच समजतात. कालपासून एकच वाक्य चाललंय म्हणे: काकांना खूप खेळायचं होतं, त्यांना देऊन टाक.

अस्वल घेतलं.

श्रद्धाने स्क्रूड्रायव्हर आणून ठेवला. स्प्रिंग बदलली. अकरा मिनिटं लागली. आता बटण गालापाशी नेमकं कुठे बसवायचं ते मिसबालाच विचारावं लागेल, आणि तिच्यासमोर जायची माझी हिंमत होत नाही.