आई, आरू जेवत नाही

आई,

तुम्हाला 'सासूबाई' असं तोंडावर कधी म्हटलं नाही, मग आता कागदावर कशाला म्हणू? तुम्ही गेल्यापासून तुम्हाला एकच गोष्ट विचारायची होती, आरू तुमच्याजवळ कशी जेवायची? ती विचारायला दुसरं कोणी नाही, म्हणून लिहायला बसले. आज दुपारी तिचं अर्धं उत्तर मिळालं, आणि तेव्हापासून तर एका जागी बसवतच नाही. आताही मधेच उठून आरूला पाहून आले. झोपली आहे.

आरू जेवत नाही हो, आई. तुम्ही गेल्याच्या दुसऱ्या दिवसापासून. तेरवीपर्यंत घर पाहुण्यांनी भरलेलं, वाटलं गोंधळात पोरगी बावरली असेल. पाहुणे गेले तरी तेच. भाताचा घास मुठीत धरून बसते, मग हळूच जमिनीवर ठेवते. दूध पिते, बिस्कीट चोखते, बस. अंगणवाडीच्या ताईंनी वजन केलं तर काटा मागं आलेला. दोन वर्षांच्या लेकराचं वजन मागं जाणं म्हणजे काय, हे मला ट्रेनिंगमध्ये शिकवलंय.

आणि गंमत पाहा, माझी नोकरीच ही. देशभरातली लहान लेकरं काय खातात, काय पितात, त्याचा सर्वे. बॅगेत वाट्या, चमचे, छोटा वजनकाटा. घाटंजीपासून मुकुटबनपर्यंत घरोघरी जाऊन आयांना विचारायचं, काल सकाळी उठल्यापासून आज सकाळपर्यंत लेकराच्या पोटात काय गेलं? चहा पाजला का? भात यातल्या कोणत्या वाटीनं? किती उरला? एका ताटात दोघं जेवले असतील, तर लेकराच्या वाट्याला किती आलं? सगळ्या जिल्ह्याला विचारत फिरते मी, आणि माझ्या घरातल्या लेकराचं यातलं एकही उत्तर मला देता आलं नसतं.

रागावू का थोडी? तुम्हीच मला ते कळू दिलं नाही. संध्याकाळी राळेगावच्या स्टँडवरून घरी आले की मी विचारायची, "आरू काय जेवली?" तुमचं ठरलेलं, "काही खात नाही वं बाई, नुसती उड्या मारते." पोरीचे गाल हे एवढाले, आणि म्हणे काही खात नाही. मी म्हणायची, आई, मला तरी खरं सांगा. तर तुम्ही, "लेकराचं खानं बोलू नये. मोजू त बिलकूलच नये. नजर लागते. आन् आईचीच पयले लागते." झालं, विषय संपला.

सुट्टीच्या दिवशी मी घरी असले, तर ताट घेऊन तुम्ही तिला मागच्या अंगणात न्यायच्या आणि भिंतीकडे तोंड करून बसायच्या. मी दारात आले की पदर आडवा. मी यांना म्हणायची, तुमच्या आईला माझी नजर चालत नाही. हे हसायचे, "मलेबी तिनं असंच लपवून वाढवलं."

तुम्ही एकट्याच अशा होत्या असं नाही म्हणा. मागे एका गावात एक बाई म्हणाली, "काहीच खात नाही जी मॅडम, हवेवर जगते." पोरगं तिच्या मांडीवर, हातात भाकरीचा तुकडा, हनुवटीवर पिवळं चून लागलेलं. मी म्हटलं, "मग त्याच्या हातात काय हाय?" म्हणाली, "ते त असंच." आम्हाला सांगूनच ठेवलंय, 'काही खात नाही' म्हटलं की तिथं थांबायचं नाही, पुन्हा विचारायचं.

आता माझी पाळी आली. डॉक्टरांना म्हटलं, काही खात नाही. ते हसले, म्हणाले सगळ्याच आया हेच सांगतात. ताईंना, तुमच्या लेकीला, फोन केला, तर त्या म्हणाल्या, "बरं करून राह्यली. असंच सांगत जाय, नजर नाही लागत." अहो, मी खरं सांगत होते! आणि खरं वाटावं असं दुसऱ्या कोणत्या शब्दांत सांगायचं? जीव नुसता तळमळत होता.

मग मी मला येतं तेच केलं. सर्वेची वाटी काढली. भात मोजून वाढायचा, उरलेला काट्यावर ठेवायचा, वजा करायचा. आरू मुठीत भात घेऊन माझ्याकडे हात लांब करायची. मी तो हात तिच्याच तोंडाकडे वळवायची, "तू खा, आई मग जेवते." तिच्यातला घास मी खाल्ला तर माप चुकणार ना. दर जेवणाला तेच चालायचं, आणि घास शेवटी जमिनीवर जायचा.

आज दुपारी शेजारच्या गंगाबाई विरजण मागायला आल्या. आरूपुढे वाटी होती, त्या तिच्याजवळच टेकल्या. आरूनं हात लांब केला. मी नको म्हणेपर्यंत गंगाबाईंनी आ केला आणि भात खाऊनही टाकला. आरूनं वाकून त्यांच्या तोंडात पाहिलं. गिळला याची खात्री करून घेतली आणि पुढची मूठ आपल्या तोंडात घातली. मग एक गंगाबाईंना, मग एक आपल्याला. मी खांबासारखी उभी. दोघींनी वाटी रिकामी केली.

"अशी काहून पाहून राह्यली?" गंगाबाई म्हणाल्या. "तुह्या सासूसंग रोज असंच जेवे हे पोट्टी. मी भिंतीवरून पाहो ना. बुढीनं तोंड उघडल्याबिगर घासच नाही घे."

आई, तेव्हापासून डोक्यात एकच घोळतंय. बाबा गेले आणि तुमचं जेवण सुटलं होतं. ताटावर बसायच्या, भाकरीचे तुकडे करायच्या आणि गाईला नेऊन घालायच्या. यांनी तुम्हाला यवतमाळला नेलं, तपासण्या केल्या, गोळ्या आणल्या. पुढे हळूहळू तुम्ही जेवायला लागल्या, अंग धरलं. आम्ही म्हटलं, गोळ्या लागू पडल्या. कुठल्या गोळ्या, आई? आरू तेव्हा नुकती हातानं घास उचलायला लागली होती.

संध्याकाळी मी एकच ताट वाढलं, दोघींचं. वाटी नाही, काटा नाही. तिनं भाताची मूठ माझ्यापुढे धरली आणि मी तोंड उघडलं. मला रडू आवरेना, घास गिळता येईना. तिला त्याचं काही नाही. ती थांबून राहिली, माझ्या तोंडात पाहिलं, आणि मी गिळल्यावर मग जेवली. किती जेवली ते विचारू नका, मला माहीत नाही.

रजा संपली, उद्या मुकुटबनला जायचं आहे, दिवसभर. गंगाबाई येऊन बसते म्हणाल्या, तरी जीव थाऱ्यावर नाही. एक दिवस बरा गेला म्हणजे झालं का? परवा तिनं पुन्हा घास खाली ठेवला तर? एका शब्दानं सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं तुमचं? मी काय परकी होते?

जाऊ द्या. आता भांडून काय उपयोग, तुम्ही तेव्हाही ऐकायच्या नाही. आरूला तुमचा चेहरा आठवणार नाही, फार लहान आहे ती. मोठी झाली की सगळे तिला सांगतील, तुला आजीनं भरवलं, आजीनं वाढवलं. मी मात्र तिला पुरतं सांगेन, हा माझा शब्द आहे. सांगेन की आजोबा गेल्यावर आजी जेवत नव्हती, आणि तिला तू जेवू घातलं.

तुमच्या आरूची आई,
वंदना