पाचवं नाव

दि. ४ फेब्रुवारी

ती. मामांस,
शि. सा. न. वि. वि.

काल नव्या घराला दार बसवलं आणि लगेच कुलूपही लावलं. आमच्या टेकडीवरचं सगळं पाणी खाली धरणात जातं, म्हणून संरक्षित पाणलोटाचा नियमच आहे, की भोगवटा प्रमाणपत्र हातात पडेपर्यंत घरात कुणी राहायचं नाही. त्यावर माणसांचा आकडाही असतो. सांडपाण्याची टाकी जेवढ्यांना पुरेल, तेवढेच राहणार. आमचा नकाशा चौघांसाठी मंजूर आहे.

टाकी मीच खणली, मीच बांधली. दाजी रोज वरून डोकावून विचारायचे, विहीर खणतोयस का, पाणी कधी लागणार. अर्ज तीनदा उतरवून काढला. ताईने न वाचताच सही ठोकली. नक्कल सोबत आहे, चूक दिसल्यास कळवावी. बावीस तारखेला तपासनीस बाई येणार आहेत.

आई, ताई, दाजी आणि छकुली खुशाल आहेत. मी कामाला असतो त्या सिमेंटच्या दुकानाच्या गोदामात मला जागा आहे, तिथे काही कमी नाही. मामींना नमस्कार. लोभ आहे तेवढा राहू द्यावा.

आपला,
भाचा

दि. १२ फेब्रुवारी

चि. मोजपट्टी यास,
अ. उ. आ.

तुझ्या अर्जात चूक आहे. शुद्धलेखनाची नव्हे. आठवीत शाळा सुटली तरी त्यात तुझा हात कुणी धरणार नाही. पण नावं चारच आहेत. आई, ताई, दाजी, छकुली. पाचवं कुठाय? ज्याने वीट न् वीट रचली, तो सिमेंटच्या पोत्यांत पथारी पसरणार? आईला सांगितलंयस का हे? नसणारच. तुझी मामी माझ्यावरच भडकली, जसा काही अर्ज मी भरला.

मात्र एक बजावतो. चोरून राहायचं मनातही आणू नकोस. तीस वर्षं मी धरणाखालच्या शुद्धीकरण केंद्रात काढली. वरून काय काय वाहून येतं ते याच डोळ्यांनी पाहिलंय, आणि आज तेच पाणी आमच्या नळाला येतं. नियम योग्यच आहे. पण बाईंना सरळ विचार, पाचव्याची सोय होते का. फार तर नाही म्हणतील, खाणार तर नाहीत.

उत्तर लवकर धाड, नाहीतर ही मला सुखाने जेवू देणार नाही.

तुझा,
मामा

दि. ९ मार्च

ती. मामांस,
शि. सा. न. वि. वि.

उशिराबद्दल क्षमा असावी. कागद हातात आल्याशिवाय लिहायला धीर झाला नाही.

बाईंनी टाकीत पट्टी सोडली, नकाशा पाहिला, पुन्हा पट्टी सोडली. माप जुळत नाही म्हणाल्या. मग मी खरं ते सांगितलं. टाकी भरून ओढ्यात वाहिली तर, या भीतीने मी दीड हात खोल जास्त खणलं होतं, आणि लांबीही वाढवली होती. आता परवानगी गेली, असंच वाटलं. तुमचा प्रश्न विचारलाच नाही.

बाईंनी तिथेच वाळूच्या ढिगावर बसून हिशेब केला. शोषखड्ड्यात पाणी ओतून ते किती वेळात मुरतं, तेही घड्याळ लावून पाहिलं. मग म्हणाल्या, मंजुरीशिवाय माप बदललं ही चूकच, सुधारित नकाशा द्यावा लागेल. पण टाकी पाचांची आहे, मग अर्जात चारच का? ताईने अर्ज ओढून घेतला आणि पहिल्यांदाच वाचला. बाईंसमोरच मला असं झापलं, की बाई नकाशात तोंड लपवून हसत होत्या. आई मात्र नुसती माझ्या डोक्यावरची सिमेंटची धूळ झटकत राहिली.

सुधारित नकाशा दिला, अर्जात पाचवं नाव घातलं, आणि काल प्रमाणपत्र आलं. राहणारी माणसं : पाच.

गोदामाची किल्ली परत करून आलो. हे पत्र माझ्या खोलीतून लिहितो आहे. दाजी आता विहिरीचं नावही काढत नाहीत. बाईंचे आभार मानले, तर त्या म्हणाल्या टाकी साफ ठेव, म्हणजे पोचले. तुमचे कसे मानू? तुम्ही नावं मोजली नसती, तर मीही मोजली नसती.

तुमच्या नळाला आमच्या टेकडीचं पाणी येतं. मामींना सांगा, त्यात आमच्या घरचा एक थेंबही मिसळणार नाही, ती काळजी माझी.

तुमच्या मायेला माप नाही, ती तशीच असू द्यावी.

आपला,
मोजपट्टी