घुम्या आणि ढेकऱ्या

३ मार्च, मंगळवार

आज मासे फुटायला हवे होते. एकही फुटला नाही!

पोलादी टाकीत सोडले, धरणाच्या खोल पाण्यात असतो तेवढा दाब दिला आणि टर्बाइनच्या पात्यामागे होतो तसा एका झटक्यात काढून घेतला. खरं तर डोळे बाहेर यायला हवेत, पोटातली हवेची पिशवी फाटायला हवी. पण हे पठ्ठे काचेतून माझ्याकडे बघत निवांत कल्ले हलवत होते. साहेबांना हर्षवायू व्हायचा बाकी राहिला. "मॅडम, मासा दणकट आहे! लिहून टाका."

नवं टर्बाइन बसायच्या आधी कुठल्या माशाला दाबाने किती इजा होईल ते ठरवायचं, हे माझं काम. आणि टर्बाइन कोणाचं? नवरोबांचं! त्याच्या पात्यांचा बाक ठरवण्यात यांची सहा वर्षं गेली. मी साहेबांना आधीच म्हटलं होतं, हे काम दुसऱ्या कोणाला तरी द्या. तर म्हणे, "उलट बरंच की! बोलणी घरच्या घरी होतील."

घरी बातमी सांगितली. नवरोबांनी आज जेवताना दुसऱ्यांदा वाढून घेतलं. एरवी ताटाकडे लक्षही नसतं.

५ मार्च, गुरुवार

मासे फुटले नाहीत म्हणून झोप उडालेली बाई जगात मी एकटीच असेन.

९ मार्च, सोमवार

सापडलं! ते मासे टाकीच्या तळाला टेकले होते. तळाला! इतकी वर्षं हेच करतेय आणि मला दिसू नये?

त्या दाबाला सरावलेला मासा पाण्यात अधांतरी उभा राहतो, पर न हलवता. दाब वाढला की त्याची पिशवी आक्रसते. ती पुन्हा भरून घ्यायला त्याला दीड-दोन दिवस लागतात. आम्ही वेळ किती दिला? चहा पिऊन येईपर्यंत. रिकामा फुगा फुटेल कसा!

साहेबांना सांगितलं. "मॅडम, फार खोलात जाऊ नका हो." आता धरणच खोल आहे, त्याला मी काय करू?

शेवटी "करा काय करायचं ते" असं म्हणाले. म्हणजे परवानगी मिळाली, असा मी अर्थ घेतला.

१३ मार्च, शुक्रवार

पुन्हा चाचणी. या वेळी माशांना हवं तेवढं थांबू दिलं. सगळे अधांतरी उभे राहिले तेव्हाच दाब काढला.

जाती दोन. एकीला आम्ही ढेकऱ्या म्हणतो. त्याची पिशवी घशाला जोडलेली, दाब गेला की तोंडावाटे हवा सोडतो आणि मोकळा होतो. दुसरा घुम्या. अंगावर पट्टे, चेहरा भारदस्त, एखाद्या निवृत्त हेडमास्तरांसारखा. त्याच्या पिशवीला बाहेरची वाटच नाही. हवा रक्तातून येते, रक्तातूनच जाते, आणि तीही अगदी सावकाश. या नदीखेरीज तो दुसरीकडे कुठे सापडत नाही.

ढेकऱ्यांनी बुडबुडे सोडले, विषय संपला. घुम्या एकही वाचला नाही. डोळे बाहेर, पोट उलटून तोंडात आलेलं. परांखाली रक्त.

माझं म्हणणं खरं ठरलं. मला रडू आलं. डबा तसाच परत आणला.

१४ मार्च, शनिवार

घरी सांगून टाकलं.

"मग शिफारस काय करणार?"

"घुम्याची पिल्लं खाली उतरतात ते तीन महिने टर्बाइन बंद."

"कुठले तीन महिने?"

"पावसाळ्याचे."

"अगं, पाणी तेव्हाच असतं!"

"अहो, पिल्लंही तेव्हाच असतात!"

ताटावरून उठले. सासूबाई आतून आल्या. "काय झालं ग?" म्हटलं, मासे मेले. "इश्श! मग याला काय एवढं? हा तर मासा खातही नाही."

१७ मार्च, मंगळवार

अबोला. निरोप सासूबाईंमार्फत. "विचारा त्यांना, चहा घेणार का." "सांग तिला, झालाय." दोघंही चार हातांवर बसलेलो! सासूबाईंना या वयात बदलीची नोकरी लागल्यासारखं झालंय. आज वैतागून म्हणाल्या, "माझ्या लेकाच्या पोटावर पाय देणारा हा मासा आहे तरी केवढा?" हाताने दाखवला. "एवढुसा?" त्यांचा विश्वासच बसेना.

माशाला पाय नसतात, हे ओठांवर आलं होतं. गिळलं.

१९ मार्च, गुरुवार

साहेबांना युक्ती सुचली आहे. दोन्ही जातींची मिळून सरासरी काढायची! "सरासरीत मासा निम्मा जगतो, मॅडम. निम्मा म्हणजे काही कमी नाही."

कुठला निम्मा — डोक्याकडचा की शेपटीकडचा, एवढंच विचारलं. तेव्हापासून तेही बोलत नाहीत. आता ऑफिसातही निरोप्या लागणार.

२३ मार्च, सोमवार

अहवाल दिला. खराखुरा, सरासरी न काढता.

भीती वाटते. नोकरीची थोडी, यांची जास्त. सहा वर्षं हा माणूस कागदावर पाती आखत बसला, आणि आता मान खाली घालून बुटांच्या नाड्या बांधतो आणि जातो. ती मान मला बघवत नाही. माझं प्रेम आहे या माणसावर — हे इथे लिहायला हरकत नाही, तोंडावर सांगितलं तर म्हणतील अहवाल बदल मग.

पण टर्बाइन दुसरं बनवता येईल. घुम्या नाही येणार.

२९ मार्च, रविवार

अबोला सुटला!! चक्क स्वतः चहा करून आणला. साखर विसरले होते, मी ब्र काढला नाही. समोर बसले आणि म्हणाले, "तो ढेकऱ्या वाचतो कसा, सांग ना नीट."

लग्नाला इतकी वर्षं झाली, माझ्या कामाबद्दल पहिल्यांदा विचारलं! मग मी काय, सुटलेच. वर्तमानपत्राच्या कडेला चित्र काढून दाखवलं. पिशवी, घसा, बुडबुडे. किती प्रश्न विचारले! ढेकऱ्या खातो काय, तळ्यात वाढवता येतो का, वरच्या पाण्यात टिकेल का. मी म्हटलं, टिकेल की, तो कुठेही टिकतो. मान डोलावत ऐकत होते. चित्र घडी करून खिशात ठेवलं.

सासूबाई दारातून बघत होत्या. म्हणाल्या, "चला, सुटले मी."

दिवसभर गुणगुणत होते मी. या वयात!

२ एप्रिल, गुरुवार

आज पुन्हा विचारलं — घुम्या जाळ्यात सहज येतो का? म्हटलं, येतो हो, भोळा आहे बिचारा, हलतसुद्धा नाही जागचा. बरं म्हणाले.

७ एप्रिल, मंगळवार

अहवाल वरच्या बैठकीत गेला. यांनाही बोलावलंय. सकाळी मी शर्टाला इस्त्री करून दिली. "तुझ्या माशाचं वाईट होऊ देणार नाही," म्हणाले. किती बरं वाटलं!

११ एप्रिल, शनिवार

अहवाल मंजूर. एक शब्दही बदललेला नाही. शिफारस तेवढी दुसरी आहे: टर्बाइन सुरू व्हायच्या आधी घुम्या जाळी लावून नदीतून काढून टाकायचा आणि त्याच्या जागी ढेकऱ्या सोडायचा. म्हणजे कोणालाच इजा नाही. कल्पना नवरोबांची. सांगायला जिना धावत चढून आले. "बघ! तुझा अहवालही राहिला, माझं टर्बाइनही राहिलं!" इतके आनंदात होते, की मी आधी हसले.

जाळ्यातले घुम्या ओळखून वेगळे काढायला जाणकार माणूस लागणार आहे. यांनी माझं नाव दिलंय.