पंख्याच्या तुकड्यातील तूट

प्रति,
मा. अधीक्षक,
धातू चाचणी प्रयोगशाळा, भिवंडी.

विषय : चाचणीत झिजलेल्या तुकड्याचा अहवाल मिळणेबाबत.
संदर्भ : आपल्या परतावा खिडकीचे 'वजनातील तूट' हे पत्र.

महोदय,

"पूर्वे, पाणी मऊ दिसतं गो, पण त्याचा बुडबुडा फुटला का पितळेला चावतो." लहानपणी होडीच्या पंख्यावरून माझा हात फिरवत वडील, कै. हिरामण, असे सांगत. त्यामुळे आपली चाचणी मला समजते.

१. गेल्या वर्षी नारळी पुनवेनंतरच्या पहिल्याच फेरीत, खारबावच्या खाडीत, पंख्याचे पाते तुटले. ओहोटीने होडी पुलाच्या खांबावर नेली. वडील गेले. पंखा त्यांचे जिवाभावाचे मित्र काळूराम यांनी ओतलेला. त्यांनी धातूत खोट घातली, असे माझा भाऊ दीपेश व सारे गाव म्हणते. त्यांच्या भट्टीकडे कोणी फिरकत नाही. ते आरोप खोडून काढत नाहीत.

२. खरे काय ते कळावे म्हणून त्याच पंख्याच्या दुसऱ्या, शाबूत पात्याचा तुकडा मी आपणाकडे दिला. आपण तो पाण्यात, थरथरत्या दांड्याखाली, बुडबुड्यांनी झिजवला. किती झिजला यावरूनच धातूचा कस ठरतो. धातू उत्तम निघाला, असे आपल्या मेघाली मॅडम तोंडी म्हणाल्या.

३. परंतु खिडकीवर म्हणतात, तुकडा जमा वजनापेक्षा हलका आहे. 'पूर्ण वजनाने मिळाला' अशी सही केली तर चाचणी झालीच नाही असे ठरते. न केली तर तुटीची चौकशी. खिडकीवरचे कारकून म्हणतात, "ताई, गेलेला माल आणा, मग बोलू." महोदय, तो चुरा पाण्यात गेला, पाणी मोरीत, मोरी गटारात, गटार खाडीत. खाडीकडून मी काय काय परत मागू?

४. आता आपण तुटीचा खुलासा पंखा ओतणाऱ्या काळूरामकाकांकडून पत्राने मागवला आहे. कृपया ते पत्र मागे घ्यावे. तोंडी शब्दावर गाव विश्वास ठेवत नाही. अहवाल लेखी द्यावा.

५. आपले पत्र घेऊन काळूरामकाका काल आमच्या ओट्यावर आले. दीपेश म्हणाला, "आता वजनबी खाल्लंस काय रं?" आमच्यात खाडीला नारळ दिला की पहिली मासळी येईस्तोवर होडी वर ओढत नाहीत. काका खाली बघत बोलले, "पंखा झिजला व्हता. मी सांगलं, होडी वर घे, नवा बसवतो. हिरामण बोलला, नारळ दिलाय, आता न्हाय. मेलेल्या दोस्ताला चुकला कसं म्हणू? म्हणून मीच खोटा झालो."

उत्तराची वाट पाहणारी,
आपली नम्र,
पूर्वी हिरामण पाटील
खारबाव, ता. भिवंडी
दि. १२ ऑगस्ट २०२५