पडली काय वं?

बेसा, नागपूर

तीर्थस्वरूप मनकर्णाताईस,

उत्तरेचा शिरसाष्टांग नमस्कार. (गुडघ्यांच्या असहकारामुळे तो कागदावरच स्वीकारावास.) तुझी प्रकृती, काटोलची संत्राबाग आणि तुझ्या पत्रांतील ऱ्हस्वदीर्घ यांपैकी पहिल्या दोन गोष्टी तरी सुधारल्या असतील, अशी आशा आहे.

व्याकरणाच्या प्राध्यापकपदावरून निवृत्त झाल्यापासून माझी अन्नावरची वासना उडाली, बोलणे खुंटले, हे काजलने तुला कळवलेच आहे. (सुनांना गुप्तता शिकवणारे विद्यापीठ अद्याप निघालेले नाही.) डॉक्टरांनी त्यास नैराश्य म्हटले आणि काजल मला धंतोलीतील एका दवाखान्यात घेऊन गेली. तेथे डोळ्यांवर टोपाएवढा चष्मा चढवून रुग्णाला आभासी तळ्याकाठी नेतात. तळ्यात कमळे होती, डास नव्हते. अर्थात हे नागपूर नव्हे, हे तत्काळ उमगले. कानात कृत्रिम बुद्धिमत्तेची बाई म्हणाली, "खोल श्वास घ्या." मी तिला बजावले की विहीर खोल असते, श्वास दीर्घ असतो. ती म्हणाली, "आपले अगदी बरोबर आहे." एवढी नम्र विद्यार्थिनी मला उभ्या कारकिर्दीत लाभली नाही, परंतु पुढच्याच वाक्यात पुन्हा "खोल"! सारा उपचार शुद्धिपत्रात गेला. श्वास घ्यायचा राहिलाच.

पुढच्या खेपेस काजलने वैतागून यंत्राची बोली वऱ्हाडी करून टाकली. ("आई, आता काढा हिच्या चुका!") मी तळ्याकाठच्या बाकावर सावकाश बसले. बाक आभासी होता. फरशी मात्र धंतोलीची होती. माणसे धावून येण्याआधीच कानातली बाई ओरडली, "पडली काय वं? लागलं तं नाही? अन् सकाळपासून काही खाल्लं काहून नाही?"

ताई, हुबेहूब तू! मी फरशीवर बसल्या बसल्या हसत सुटले आणि माझ्या मुखातून निघाले, "नाही वं, काही नाही झालं मले." काजलच्या डोळ्यांत पाणी आले. डॉक्टरांनी 'लक्षणीय सुधारणा' अशी नोंद केली. माझ्या मते ते निव्वळ व्याकरणस्खलन होते.

घरातील थोरांस नमस्कार, धाकट्यांस शुद्धलेखन.

तुझी,
उत्तरा

ता. क. यंत्राच्या वऱ्हाडीतही चुका असणारच. त्या काढण्याचा अधिकार माझा नव्हे, तुझा. तेव्हा चांगली महिनाभर राहण्याच्या बेताने ये. तुझे बोलणे मी सुधारणार नाही. (निदान पहिला आठवडा.)

पुन्हा ता. क. यंत्र जेवणाची चौकशी करते, वाढत नाही. काजलच्या पाटवडीचा रस्सा व्याकरणशुद्ध असतो, एवढेच म्हणेन. लवकर ये वं. भूक लागून राहिली मले.