कानाच्या पाळीची खूण

मंगळवार, १२ मार्च
सकाळचे साडेनऊ

प्रिय ताई,

नमस्कार. सुखरूप पोहोचले, खोली स्वच्छ आहे आणि तू बांधून दिलेला डबा पहिल्याच दिवशी संपला. म्हणजे तुझ्या काळजीचे तिन्ही प्रश्न मिटले.

इथल्या महोत्सवात तीन दिवसांत दोन नाटकं आणि एक ऑपेरा पाहिला. पहिलं नाटक इतकं रेंगाळलं की माझ्या शेजारचे आजोबा घोरू लागले आणि नटांना आवाज चढवावा लागला. दुसरं मात्र सुरेख. त्यात आईचं काम करणारी बाई तुझ्यासारखीच वाक्याआधी किंचित थांबते.

ऑपेरा काल दुपारी होता. भाषा ओ की ठो कळली नाही. माझी जागा वरच्या सज्जात, अगदी कडेला. तिथून मंचाच्या पुढच्या काठाशी एक लहानसा खळगा दिसत होता, प्रेक्षकांच्या बाजूने झाकलेला. त्यात छातीपर्यंत बुडालेली एक बाई, समोर वही. प्रॉम्प्टर! दुसऱ्या अंकात नायिका अडली, जेमतेम एका श्वासापुरती. त्या बाईचा हात वर झाला, शब्द गेला, नायिकेनं तो उचलला. एवढ्या सभागृहात कुणाच्या लक्षातही आलं नाही. मला मात्र रडू फुटलं.

शेजारच्या बाईंनी रुमाल पुढे केला. "अहो, ती शेवटी मरते. आत्ताच रडून घेतलंत तर तेव्हा काय कराल?"

कालपासून हे पत्र तीनदा इथपर्यंत लिहून फाडलं. आता पुढे लिहिते.

अकरा वर्षांपूर्वीचा आपला तो प्रयोग. मी विंगेत, वहीतल्या ओळीवर बोट ठेवून. आपलं ठरलेलं होतं: तू नुसती थांबलीस तर तो अभिनय, मी गप्प राहायचं, कानाची पाळी धरलीस तर अडलीस, मी ओळ द्यायची. तू अडलीस, आणि ओळ आली नाही. नंतर मी सगळ्यांसमोर म्हणाले, "ताईनं खूण केलीच नाही." तू विश्वास ठेवलास. "अगं, खूणसुद्धा विसरले म्हणजे संपलंच की माझं!" म्हणालीस, आणि पुन्हा रंगमंचावर पाऊल टाकलं नाहीस.

ताई, तू खूण केली होतीस. दोनदा. मी पाहिली होती.

त्या सकाळी तालमीत तू हसत म्हणाली होतीस, "हिला काय, वाचूनच तर दाखवायचंय." सगळे हसले. मला वाटलं, कळू दे एकदा, वाचून दाखवणारी गप्प बसली की काय होतं ते. एखादा क्षणच गप्प राहिले, अशी इतकी वर्षं स्वतःची समजूत घातली. तीही तपासून पाहिली, टिकत नाही. तू दुसऱ्यांदा पाळी धरलीस तेव्हाही मी तोंड उघडलं नाही. त्या दिवशीच्या डायरीत 'प्रयोग बरा झाला' एवढंच आहे. डायरीलाही मी फसवलं.

गेल्या आठवड्यात दिग्दर्शक तुला नव्या नाटकातली आईची भूमिका द्यायला घरी आले. "माझं डोकं आता दगा देतं हो," म्हणून तू नाही म्हणालीस. मी तिथंच चहा ओतत होते. तेव्हाही गप्प.

आज सकाळी त्यांना फोन करून सगळं सांगितलं. ते म्हणाले, "भूमिका शनिवारपर्यंत ठेवतो. पण बाई, हे तिला सांग. मला सांगून काय उपयोग?"

फोनवर 'जाऊ दे गं' म्हणून तू मला मधेच सोडवलं असतंस, म्हणून हे पत्र. शुक्रवारी तुला मिळेल. शनिवारी मी स्टेशनवरून थेट तालमीच्या हॉलवर येते. माझ्यावर रागाव, अबोला धर, हवं ते कर, पण तिथं ये. विंगेत वही घेऊन कुणाला बसवायचं ते तू ठरव. मी नको असेन तर शेवटच्या रांगेत बसेन.

तुझ्या डोक्यानं कधीच दगा दिला नव्हता, ताई. तो मी दिला.

खूण पाहिलेली,
तुझी धाकटी